भिंतीवरचा वीररस

ज्या कृतीला कर्ता आहे, जिच्यांत निवड व मांडणी आहे, आणि पाहणाराच्या मनांत विशिष्ट भाव उत्पन्न करण्याचा जिचा हेतु आहे, ती कागदावर उतरलेली नसली तरी टीकेच्या कक्षेंतून सुटत नाहीं. या दृष्टीनें आपल्याकडील राजघराण्यांतील शिकारीचीं दालनें हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानण्यास हरकत नाहीं. भिंतीवर लाविलेलें प्रत्येक मस्तक हें त्या घराण्याच्या आत्मचरित्रांतील एकेक प्रकरण होय. मात्र आत्मचरित्र वाचतांना सुज्ञ वाचक जी सावधगिरी बाळगतो, ती येथें प्रेक्षक क्वचितच बाळगतो. तो एक तर दिपून जातो, नाहीं तर नाक मुरडून बाहेर पडतो. या दोन्ही वृत्ति विवेकाला सारख्याच मारक आहेत.

उदाहरणादाखल कोल्हापूरचा नवा राजवाडा घेऊं. मेजर चार्लस् मँट यांच्या आराखड्यावरून उठलेली ही काळ्या दगडाची इमारत १८८४ सालीं पुरी झाली. तळमजल्यावर संग्रहालय आहे, वरच्या भागांत घराण्याचें वास्तव्य आहे. सार्वजनिक इतिहास आणि खासगी स्मृति एकाच छपराखालीं नांदत आहेत. छत्रपति शाहूमहाराजांचें (१८७४–१९२२) शिकारीचें प्रेम सर्वश्रुत आहे. पेंढा भरलेले वाघ, शिंगांच्या रांगा, शस्त्रें, छायाचित्रें यांमधून फिरतांना प्रेक्षकाच्या मनांत प्रथम वीररसच जागा होतो. परंतु पुढें बिबळ्याच्या मणक्यांची हातकाठी आणि वाघाच्या कवटीची राखदाणी दिसते, आणि तेथें रसभंग होतो. उभ्या वाघाला निदान प्रतिस्पर्ध्याचा मान तरी आहे. राखदाणीला तोहि नाहीं. जेथें पशूची आठवण संपून केवळ सोय उरते, तेथें वीराची जागा बीभत्स घेतो.

आतां वीररसाचेंहि थोडें परीक्षण करूं. नायकाचा उत्कर्ष दाखवावयाचा तर प्रतिनायकाचा उत्कर्ष आधीं दाखवावा, हें तत्त्व आपल्या साहित्यशास्त्राला जुनेंच परिचित आहे. भिंतीवरचा वाघ म्हणूनच जबडा पसरून, नाक आकसून, झेंप घेण्याच्या बेतांत असलेला दिसतो. ही मुद्रा आली कोठून? म्हैसूरच्या व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन या कारखान्यानें १९०० च्या सुमारापासून १९९९ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक वाघ व बिबळे सिद्ध करून राजेरजवाड्यांना व गोऱ्या अंमलदारांना पुरविले. निरनिराळ्या मापांचे ठरीव साचे करून, त्यांत कागदाच्या लगद्याचें धड घडवावयाचें आणि त्यावर कातडें चढवावयाचें, अशी तेथील रीत होती. अर्थात् अनेक वाड्यांतून वेगवेगळ्या वाघांच्या तोंडावर दिसणारा तो संताप वाघाचा नसून साच्याचा आहे! कारागिरी अप्रतिम, यांत वाद नाहीं. परंतु सामान्य कवीच्या प्रत्येक नायिकेचें मुख जसें चंद्रासारखेंच असावयाचें, तसाच हा ठरीव अलंकार आहे.

अलंकार सत्याच्या आड येऊं लागला म्हणजे टीकाकाराला बोलणें भाग पडतें. संस्थानी शिकारीची प्रचलित पद्धति हाक्याची. माणसांची रांग डबे बडवीत, ओरडत रान हालवी. जनावर त्या गोंगाटापासून दूर पळे. आणि पळतां पळतां मचाणासमोर येई. असें मेलेलें जनावर झेंप घेतांना दाखविणें ही स्मृति नव्हे, तें संपादन होय. आणि या संपादनांत जीं पात्रें सर्वस्वीं गळालीं, तीं हाकेवाल्यांचीं. वाघासमोर पायीं, हातांत बंदूक नसतां, जो सर्वांत आधीं उभा राहिला त्याचें नांव अशा दालनांच्या पाट्यांवर सहसा आढळत नाहीं. जनावराची लांबी मात्र इंचांत आढळते. याच्याशीं १९४४ सालीं प्रसिद्ध झालेलें जिम कॉर्बेटचें कुमाऊंतील नरभक्षकांवरील पुस्तक ताडून पाहावें. तेथें गांवें आहेत, वाटा आहेत, दार लावून बसलेलीं भेदरलेलीं माणसें आहेत. म्हणून तेथील वाघहि खरा वाटतो.

मग हीं दालनें मोडून टाकावीं काय? असें म्हणणारे लोक आहेत. आम्ही त्यांत नाहीं. कर्त्याच्या मनांत नव्हतें असें पुष्कळ कांहीं कृति सांगून जाते, आणि तीच तिची थोर कमाई असते. कोल्हापुरास काळविटाच्या शिकारीसाठीं चित्ते पाळीत. देशांतला चित्ता दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेंतून आणविले जाऊं लागले. डोळ्यांवर टोपी चढवून गाडीवरून माळावर नेलेल्या चित्त्याचीं जुनीं छायाचित्रें काढणाराला वैभव दाखवावयाचें होतें. आज त्यांत आपल्याला एका जातीचा अस्त दिसतो. १९४७ सालीं मध्य भारतांतील कोरिया संस्थानांत शेवटचे तीन चित्ते मारले गेले, १९५२ सालीं तो देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत नामिबियांतून आठ चित्ते कुनोच्या रानांत आणावे लागले. उलट बाजूहि विसरूं नये. दाजीपूरचें जें रान कोल्हापूरकरांनीं शिकारीसाठीं राखलें, तेंच १९५८ सालीं गव्यांचें अभयारण्य झालें. रान मारणाऱ्यानेंच राखलें, हा विरोधाभास पचविण्याइतकी आपली दृष्टि प्रौढ असली पाहिजे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा अध्याय संपविला. त्या कायद्याखालीं अशीं मस्तकें व कातडीं विकतां येत नाहींत. वारसाहक्कानें मात्र तीं पुढील पिढीकडे जातात. वारसाच्या हातीं आलेल्या या ग्रंथाचा बाजार मांडतां येत नाहीं, आणि आजोबांच्या हातचा म्हणून तो फाडवतहि नाहीं. अशा वेळीं एकच मार्ग उरतो: त्याची सटीप आवृत्ति काढणें. जनावर कोठें व कोणत्या सालीं पडलें, तें हाक्यांत मारलें कीं मचाणावरून, रान कोणीं हालविलें, आणि त्या रानाचें पुढें काय झालें, हें प्रत्येक पाटीवर लिहावें. वाड्यांतील दप्तरें व जुन्या चाकरांचीं घराणीं यांकडून अद्यापि जें कळण्यासारखें आहे तें आणखी एका पिढीनें कळणार नाहीं. कातडें वाळवी लागेपर्यंत टिकतें, सांगोवांगीची आठवण तितकीहि टिकत नाहीं. अशी टीप जोडल्यानें पूर्वजांचा अधिक्षेप होतो, हें भय निराधार आहे. ज्याच्या शौर्याला साच्यांतल्या संतापाचा आधार लागत नाहीं, तोच खरा शूर. आणि हाकेवाल्याचें नांव शेजारीं लिहिल्यानें त्याची उंची तसूभरहि कमी होणार नाहीं.