विषाचा एकपात्री प्रयोग

नाटकांवर बरंवाईट बोलण्याची मला जुनी खोड आहे. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजकडे रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांना मी मफलर गुंडाळून बसतो आणि पहाटे जांभया देत अभिप्राय देतो. त्यामुळे चंद्रपुरातल्या वकील स्नेह्यांनी "नवा प्रयोग बघायला या" म्हटल्यावर मी लगेच निघालो. मफलर तेवढा घरी ठेवला. महिना मे होता.

प्रयोग दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत होता. नायक एकच. लायनफिश! अंगावर तांबडेपांढरे पट्टे, मोरपिसाऱ्यासारखे पंख आणि १८ विषारी काटे.

"हा उगाच कुणाच्या अंगावर जात नाही हं," वकीलसाहेब अशिलाची बाजू मांडावी तसे म्हणाले. "काटे फक्त स्वसंरक्षणार्थ. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा आणि डॉक्टर गाठायचा."

भूक मात्र स्वसंरक्षणार्थ नव्हती. पंख पसरून लहान माशाला कोपऱ्यात दाबायचं आणि अख्खा गिळायचा, ही त्याची अभिनयशैली. चार सहकलाकारांच्या भूमिका पहिल्याच आठवड्यात संपल्या होत्या.

नेपथ्य खर्चिक. समुद्र दोन्ही अंगांनी शेकडो मैल दूर, म्हणून तो घरीच कालवायचा. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालायचं. बाहेर पारा ४७ अंशांवर, नायकाला लागतात पंचवीस-सव्वीस. म्हणून त्याला गारवा, वहिनींना पंखा. वीज गेली की नायकाआधी वकीलसाहेबांचाच श्वास अडकतो.

"नाटकात संघर्ष नाही," मी म्हणालो.

"अहो, विष आहे विष!"

"आहे. पण धोका कुणाला? तुम्ही सोफ्यावर. हे मासे बहुधा समुद्रातूनच धरून आणतात. धोक्यात तोच आहे. उद्या कंटाळलात तर? फ्लोरिडाच्या किनाऱ्याला हा परदेशी पाहुणा १९८५ साली आढळला, हौशी लोकांनीच सोडला असावा म्हणतात. आता पार कॅरिबियनपर्यंत तिथल्या माशांचा फडशा पाडतोय. आपल्या रामाळा तलावात सोडलात, तर हाच बिचारा मरेल."

तेवढ्यात दारावरची मासळीवाली डोकावली.

"का जी भाऊ, हा खाता येते का?"

"नाही, बाई. विषारी आहे."

"आमच्या तलावातल्या शिंगीलेबी विषाचा काटा हाय. हात लय ठणकते. पन आमी काटा मोडतो अन् रस्सा करतो. काचंत ठिवून पाहात नाही बसत."

एवढी नेमकी समीक्षा मला जन्मात जमली नाही.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोहफुलं वेचायला, पानं तोडायला जाणाऱ्या बायांच्या आणि वाघाच्या मध्ये काच नसते. अशा जिल्ह्यात भीती विकत आणून तिला गार पाण्यात ठेवायचं, हे मी वकीलसाहेबांना बोलून दाखवलं.

ते बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हा आहे तोवर सांभाळीन. दुसरा नाही आणणार."

वहिनींनी चहा आणला. एक घोट घेतला आणि आम्ही दोघेही एकमेकांकडे बघू लागलो. नायकाच्या मिठाचा डबा साखरेशेजारी ठेवला होता म्हणे.