नाव कायद्याचे, की गुन्ह्याचे?

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे एक कार्यालय तिथल्या कायद्यांची संहिता लावते. त्याच्या संगणकीय साधनात कायद्याचे लोकांतले नाव शोधले, की मूळ कायद्याचा क्रमांक, तारीख आणि संहितेतली जागा हाती येते. सोय चोख आहे. 1871 च्या एका कायद्याला लोक 'कू क्लक्स क्लान कायदा' म्हणतात. ज्या टोळीला आवरण्यासाठी तो झाला, तिचेच नाव! त्याचे पहिले कलम आज संहितेच्या 42 व्या शीर्षकात 1983 या क्रमांकाखाली आहे.

साधन एवढे सांगते. नावाने काय केले, ते सांगत नाही. ते आम्हांला विचारा. 1989 चा 33 वा अधिनियम, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध). बोलण्यात 'प्रतिबंध' गळाला, उरली 'अ‍ॅट्रॉसिटी'. मग गाव म्हणते, "त्याने पाटलावर अ‍ॅट्रॉसिटी टाकली." म्हणजे मार खाणाराच अत्याचारी! हे वाक्य मी कार्यकर्त्यांकडूनही ऐकले आहे. खोटे कशाला बोलू, माझ्याही तोंडून निघाले आहे.

तसले साधन मराठीत हवेच. 'अ‍ॅट्रॉसिटी' एवढाच शब्द ठाऊक असलेल्या बाईला त्यातून कलम 3 पर्यंत पोचता यावे. पण उत्तरात पहिल्या ओळीला पूर्ण नाव यावे, 'प्रतिबंध' या शब्दासकट.