स्मृतीतील प्रत आणि हार्डवेअरचे साहाय्य : लिनक्समधील एका प्रयोगाची चिकित्सा

प्रास्ताविक :
नेटवर्कवरून आलेली माहिती प्रथम कर्नलच्या बफरमध्ये येते आणि तेथून उपयोजनाच्या बफरमध्ये जाते. ही दुसरी प्रत करण्याचे काम परंपरेने प्रोसेसरच करीत आला आहे. या कामातून त्याची सुटका व्हावी म्हणून इंटेलने सर्व्हरच्या चिपसेटमध्ये आय/ओएटी हे डीएमए इंजिन दिले. त्याचा उपयोग करणारी नेट-डीएमए ही सुविधा २००६ मध्ये लिनक्स २.६.१८ मध्ये समाविष्ट झाली.

विवेचन :
कल्पना तर्कशुद्ध होती; तथापि तिचा हिशेब अपुरा होता. इंजिनाला सूचना देणे, पेज स्मृतीत जखडून ठेवणे व काम संपल्याची खात्री करणे हा सर्व खर्च प्रोसेसरवरच पडतो. प्रत लहान असल्यास हा खर्च प्रतीहून जड होतो. शिवाय प्रोसेसरने केलेली प्रत सहसा कॅशेमध्ये हाताशी राहते. इंजिनाने मुख्य स्मृतीत ठेवलेली माहिती उपयोजनाला पुन्हा आणावी लागते.

याहून गंभीर प्रश्न अचूकतेचा होता. प्रत चालू असताना प्रक्रियेने फोर्क केले आणि त्या पेजवर लेखन झाले, तर कॉपी-ऑन-राइटच्या नियमानुसार तिला नवे पेज मिळते. इंजिन मात्र जुन्याच पेजवर लिहीत राहते. माहिती पोहोचल्याची नोंद होते, परंतु उपयोजनाला ती दिसत नाही. लिनक्स ३.१३ मध्ये ही सुविधा सदोष ठरविण्यात आली व २०१४ मध्येच ती कर्नलमधून वगळण्यात आली.

मूल्यमापन :
हा दोष केवळ इंजिनाचा म्हणता येणार नाही. पत्त्यांची मांडणी बदलण्याचा अधिकार कार्यप्रणालीकडे असतो. इंजिनाला मात्र भौतिक पत्ता एकदाच दिला गेला होता. या दोहोंत समन्वयच नव्हता. २०२३ मध्ये चौथ्या पिढीच्या झिऑन प्रोसेसरसोबत आलेले इंटेलचे डीएसए आभासी पत्त्यांवर काम करू शकते, हे त्या उणिवेचे उत्तर होय. लहान प्रतींचा आक्षेप मात्र त्यालाही लागू होतो.

निष्कर्ष :
अध्यापनात डीएमए व कॉपी-ऑन-राइट हे घटक बहुधा स्वतंत्र प्रकरणांत येतात. नेट-डीएमएचे अपयश या दोन प्रकरणांच्या सीमेवर घडले. वेगाचे मोजमाप सोपे असते. हरवलेली माहिती मात्र कोणत्याही मोजमापात दिसत नाही. म्हणून हार्डवेअरच्या साहाय्याची पहिली कसोटी वेग नसून अचूकता हीच असावयास हवी.