लेबलावरची एक ओळ

‘डीडीआर५-६०००, सीएल ३०-४०-४०-९६, १.४० व्होल्ट, ६४ जीबी, २×३२.’

जी.स्किलच्या ट्रायडंट झेड५ निओ मालिकेतल्या एका रॅम-किटचा सगळा मजकूर एवढाच. थ्रीडी, व्हिडिओ किंवा आर्किटेक्चरच्या कामासाठी मशीन असेंबल करून घेणारा यातला ६४ बघतो. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार ६००० जोरात सांगतो. मधल्या चार आकड्यांकडे दोघंही ढुंकून बघत नाहीत, आणि ओळीतला सगळा रस नेमका तिथे साठलेला आहे.

६००० आधी उरकून टाकू. दुकानात त्याला सर्रास मेगाहर्ट्झ म्हणतात. खरं तर घड्याळ ३००० मेगाहर्ट्झचं असतं आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून ६०००. दर खेपेला ८ बाइट धरले तर एका चॅनलमधून सेकंदाला ४८ जीबी आणि दोन्ही चॅनल मिळून ९६ जीबी. कागदावर भरघोस दिसतं. पण हा झाला निव्वळ वाहून नेण्याचा वेग. मागितलेली गोष्ट हातात यायला किती वेळ लागतो, ते सीएलपुढचा ३० सांगतो.

तो समजायला रॅमच्या पोटात शिरावं लागतं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक बिट साठवण्याची युक्ती काढली. १९६८मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि आजची डीडीआर५सुद्धा तिच्यावरच उभी आहे. कपॅसिटरमधला भार सारखा गळत असतो, म्हणून डीडीआर५मध्ये दर ३२ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ नव्याने भरून घ्यावी लागते. वाचायचं म्हटलं तरी आख्खी ओळ उघडावी लागते, आणि उघडताक्षणी तिच्यातला भार बाहेर सांडतो. तो ओळखायचा, मोठा करायचा आणि परत जागच्या जागी भरायचा. वाचताना पुसलं जाणारं आणि वाचता वाचताच पुन्हा लिहिलं जाणारं असं हे पान आहे. चार आकडे म्हणजे या खटाटोपाचं वेळापत्रक. उघडलेल्या ओळीतून माहिती यायला ३० ठोके, ओळ उघडून तिच्यातल्या रकान्यापर्यंत पोचायला ४०, ओळ मिटवून दुसरीची तयारी करायला ४०, आणि एकदा उघडलेली ओळ निदान ९६ ठोके मिटायची नाही.

३००० मेगाहर्ट्झवर ३० ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. आता डीडीआर४-३२००चं सीएल १६ मांडून बघा. १० नॅनोसेकंद. वीस वर्षांपूर्वीच्या डीडीआर-४००चं सीएल २? तेही १० नॅनोसेकंद! एका चॅनलचा प्रवाह ३.२ जीबीवरून ४८ जीबीवर गेला, पण ही वाट बघणं काही कमी झालं नाही. नळाची धार पंधरापट जाड झाली, तोटी फिरवल्यावर पहिला थेंब पडायला लागणारा वेळ मात्र तोच. तरीही सीएल ३० म्हणजे फुकाचा तोरा नव्हे. साध्या ५६००च्या स्टिकवर सीएल ४६ असतं, म्हणजे जवळजवळ साडेसोळा नॅनोसेकंद. त्याच्यापुढे १० ही निवडून घेतलेल्या चिपांची कामगिरी आहे. ६०००ला ३० दिसलं की आत बहुधा एसके हायनिक्सचा माल असणार, असं जाणकार लेबलावरूनच ताडतात.

१.४० व्होल्ट हा त्या तोऱ्याचा खर्च. डीडीआर५चं ठरलेलं व्होल्टेज १.१. वरचं सगळं ओव्हरक्लॉकिंगच्या खात्यात जमा होतं, आणि ते आपोआप होत नाही. बायोसमध्ये जाऊन एएमडीचं एक्स्पो किंवा इंटेलचं एक्सएमपी प्रोफाइल सुरू करावं लागतं. ते न केल्यामुळे ६०००चं किट घेऊन ४८००वर वर्षानुवर्षं काम करणारे स्टुडिओ आहेत, आणि त्यांची काही तक्रारही नसते.

मला या ओळीतला सर्वांत शहाणा शब्द वाटतो तो शेवटचा : २×३२. चार स्लॉट दिसले की चारही भरायचा मोह होतो. पण रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने स्वतः दिलेली हमी दोन स्टिकना ५२००ची आहे, चारांना फक्त ३६००ची. जागा भरल्या की वेग पडतो. किट याचा अर्थ एवढाच, की या दोन स्टिक जोडीने तपासलेल्या आहेत. तसंच आणखी एक किट आणून शेजारी बसवलं म्हणून चारांची जोडणी तपासलेली होत नाही. २०२३पासून ४८ जीबीच्या स्टिक मिळू लागल्या, तेव्हा ‘दोनच घ्या, पण मोठ्या घ्या’ हा सल्ला ९६ जीबीपर्यंत बिनघोर देता येऊ लागला.

आणि डिझाइनवाल्याला मोठ्या हव्यातच. आफ्टर इफेक्ट्समध्ये १६ बिटचं काम करताना फोर-केची एक फ्रेम, अल्फा चॅनल धरून, साधारण ६६ एमबी खाते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांच्या प्रिव्ह्यूला १६ जीबी गेले. शेजारी फोटोशॉप उघडं, ब्राउझर उघडा. रॅम संपून मशीन एसएसडीवर जाऊ लागलं की १० नॅनोसेकंदांची चर्चा तिथेच संपते.

ओळीत नसलेली गोष्टही वाचायला हवी. ईसीसीचा, म्हणजे चुका दुरुस्त करणाऱ्या मेमरीचा, इथे उल्लेख नाही. डीडीआर५च्या प्रत्येक चिपमध्ये चूक दुरुस्त करण्याची सोय असते खरी, पण ती चिपच्या आतली. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट उलटलं तर तिचा उपयोग नाही. रात्रभर रेंडर लावून घरी जाणाऱ्याचं एक वेळ भागेल. स्ट्रक्चरल गणितं करणाऱ्याला मी थ्रेडरिपर प्रोसारख्या मशीनकडे पाठवीन. तिथे आठ चॅनल आणि रजिस्टर्ड ईसीसी स्टिक. त्या साध्या बोर्डात बसतच नाहीत, खाचच वेगळी. आरजीबीच्या दिव्यांबद्दल एवढंच, की त्यांच्यापायी वाढलेली उंची दुहेरी टॉवरच्या कूलरला अडू शकते.

नवं किट बसवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन कधी कधी काही मिनिटं काळीच राहते. मशीन मेमरी ट्रेनिंग करत असतं. घाबरून बटण दाबू नये. नंतर एक रात्र मेमटेस्ट८६ला द्यावी आणि एकही चूक निघाली तर किट परत करावं.

२०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. अशा भावात मी या सुंदर ओळीतला ३० सोडून देईन. ६००० सीएल ३६ म्हणजे १२ नॅनोसेकंद. ते दोन जास्तीचे नॅनोसेकंद पदरात घेऊन वाचलेले पैसे ६४च्या जागी ९६ जीबीत घालीन.