भयानक रस आणि व्हिडिओ गेम

शृंगार, वीर आणि करुण यांची चर्चा आमच्या टीकाकारांनीं जितक्या हौसेनें केली, तितक्या हौसेनें भयानक रसाची केलेली दिसत नाहीं. रसांची यादी देतांना त्याचें नांव घ्यावयाचें, एखादें स्मशानाचें किंवा वाघाचें उदाहरण द्यावयाचें आणि पुढें चालूं लागावयाचें, अशीच बहुधा रीत. नारायण धारप यांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा यांना वाचक मोठा लाभला. परंतु अशा लेखनाला वाङ्मयाच्या पंक्तीस बसवून घेण्यास विद्वानांनीं बराच काळ कांकूं केली. मग जी भीति पुस्तकांतूनहि नव्हे, तर मुलांच्या हातांतील एका यंत्रांतून येते, तिची विचारपूस कोण करणार?

हा विषय येथें घेण्याचें कारण असें कीं, आमचे एक विद्वान स्नेही, ज्यांची सारी हयात नाट्यवाङ्मय शिकविण्यांत गेली, ठासून सांगतात कीं व्हिडिओ गेमनें माणूस दचकेल, पण भिणार नाहीं. असें म्हणणारे ते एकटे नाहींत. सुशिक्षित घरांतून हेंच मत सामान्यतः ऐकूं येतें. आणि घरांतील तरुण मुलें रात्रीं दार लोटून ज्या गोष्टींत गढून जातात, तो निव्वळ चाळा आहे कीं कांहीं अनुभव आहे, याचा निकाल वडील माणसें त्याच मताच्या आधारें लावून मोकळीं होतात. म्हणून तें मत तपासून पाहणें अवश्य आहे.

स्नेह्यांचे आक्षेप तीन आहेत. पहिला असा: अंधारांतून एकदम कांहीं तरी अंगावर येतें, कर्कश आवाज होतो आणि खेळणारा दचकतो, पण पाठीमागें कोणीं फुगा फोडला तरीहि माणूस दचकतोच, त्याला कोणी रस म्हणत नाहीं. दुसरा असा: खेळांतील मरण फुकटचें, मेलों तर पुन्हां उठलों, मग भ्यावयाचें कशाला? तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. रसास्वादाला ताटस्थ्य लागतें. ज्याचे हात सारखे बटणांवर नाचत आहेत, जो स्वतःचा जीव वांचविण्याच्या खटपटींत आहे, तो प्रेक्षक राहिला कोठें? त्याला झालेंच तर लौकिक भय होईल. भयानक रस नव्हे. दुसरा आक्षेप ही भीति खोटी म्हणून नाकारतो आणि तिसरा ती फाजील खरी म्हणून नाकारतो, ही गंमत क्षणभर बाजूला ठेवून आपण एकेकाचा विचार करूं.

दचकणें म्हणजे भिणें नव्हे, हें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परंतु दचका हा भीतीचा विसार असूं शकतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीनें १९९६ सालीं काढलेला, शिंजी मिकामी यांनीं दिग्दर्शित केलेला ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा खेळ घ्या. कथा एका आडबाजूच्या भव्य वाड्यांत घडते. आरंभींच्या भागांत एका बोळकांडींतून जातांना खिडकीची कांच फुटते आणि एक कुजलेला कुत्रा आंत उडी घेतो. दचकणें अर्ध्या क्षणांत संपतें; पण त्यानंतर खिडकी ही केवळ खिडकी राहत नाहीं. पुढें जेथें जेथें कांच दिसेल तेथें तेथें पाऊल अडखळतें. कुत्रा येत नाहीं, तरी त्याची वाट पाहिली जाते. शिवाय कोणत्या कोनांतून काय दिसावें हें या खेळानें आधींच ठरवून टाकलेलें असतें. म्हणून कोपऱ्यापलीकडे पावलें वाजतात, पण कोणाचीं तें दिसत नाहीं. प्रत्येक दार काळ्या पार्श्वभूमीवर एकटेंच सावकाश उघडतांना दाखविलें आहे. पुढील खोलीची सामग्री जुळविण्यास यंत्राला लागणारा वेळ झांकण्याची ती युक्ति होती; परंतु तेवढा वेळ दाराकडे पाहत राहण्यावांचून खेळणाऱ्याला गत्यंतर नसे, आणि त्या पाहत राहण्यांतच भीति वाढे.

एडमंड बर्क यानें १७५७ सालीं भव्य आणि सुंदर यांच्या विवेचनांत सांगून ठेवलें आहे कीं, भय उपजवावयाचें तर वस्तु अस्पष्ट ठेवावी. धोक्याची पुरी मर्यादा दृष्टीस पडली कीं भीतीचा बराच भाग ओसरतो. कोनामी या दुसऱ्या जपानी कंपनीच्या ‘सायलेंट हिल’ या १९९९ च्या खेळांत या सिद्धांताचें जणू प्रात्यक्षिकच आहे. तेव्हांच्या प्लेस्टेशन यंत्रास दूरवरचें दृश्य रेखाटण्याची ताकद नव्हती. कर्त्यांनीं सारें गांव धुक्यानें आणि काळोखानें भरून टाकलें, आणि यंत्राची उणीव कलेचा गुण झाली. नायक हरवलेल्या मुलीला शोधीत त्या धुक्यांतून हिंडतो. त्याच्याजवळ एक लहानसा रेडिओ असतो. कांहीं अमंगळ जवळ आलें कीं तो खरखरूं लागतो. कान सांगतात कीं कोणी तरी आहे, आणि डोळे सांगतात कीं कोणीच नाहीं. वाङ्मयाच्या अभ्यासकाला यांत परकें असें काय आहे?

आतां फुकटच्या मरणाविषयीं. मरण फुकट असेल तर भीति टिकणार नाहीं, हें खरें. आणि म्हणूनच चांगले खेळ तें फुकट ठेवीत नाहींत. ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्यें झालेल्या प्रगतीची नोंद करून ठेवावयाची तर वाड्यांतील एखाद्या टंकलेखनयंत्रापर्यंत पोंचावें लागतें, आणि प्रत्येक नोंदीस शाईची एक फीत खर्चीं पडते. फिती मोजक्याच. नोंद आतां करावी कीं आणखी एका खोलीनंतर, हा हिशेब चालू असतां सारी कमाई पणाला लागलेली असते. बुद्धिबळाचा जिंकत आणलेला डाव हातचा जाऊं लागला म्हणजे लांकडी राजासाठीं कपाळावर खरा घाम येतो, हें ज्यानें अनुभवलें आहे त्याला अधिक सांगावयास नको.

रिडले स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटावरून क्रिएटिव्ह असेंब्ली या इंग्रज संस्थेनें २०१४ सालीं ‘एलियन: आयसोलेशन’ हा खेळ रचला. चित्रपट दुसऱ्यांदा पाहणाऱ्यास तें श्वापद कोणत्या क्षणीं कोठून येणार हें ठाऊक असतें. खेळांत तशी सोय नाहीं. त्याच्या रचनेंत दोन मेंदू आहेत असें म्हणतां येईल. पहिल्याला खेळणाऱ्याची जागा ठाऊक असते, पण तो श्वापदाला केवळ आसपासच्या भागाचा इशारा देतो. दुसरा मेंदू श्वापदाचा स्वतःचा, आणि त्याला डोळ्यांनीं व कानांनींच शोध घ्यावा लागतो. त्यामुळें मेल्यावर पुन्हां त्याच जागीं आलें तरी मागचा प्रसंग जसाच्या तसा घडत नाहीं. श्वापदाला मारतां येत नाहीं. हालचाल टिपणारें एक उपकरण हातीं असतें, पण श्वापद जवळ असेल तर त्या उपकरणाचा आवाज त्यालाहि ऐकूं जातो. खेळाची नोंद करावयाची तर यंत्रांत कार्ड घालून कांहीं क्षण उघड्यावर उभें राहावें लागतें. मरण स्वस्त आहे, असें त्या कांहीं क्षणांत कोणीं म्हणून दाखवावें!

आणि येथेंच आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यापाशीं येतों. ‘मॅक्बेथ’ नाटकांत मॅक्बेथ डंकनच्या शयनगृहाकडे जातो, आणि प्रेक्षकानें डोळे मिटले तरीहि तो जातोच. भयकथेचें पान उलटणें वाचकाच्या हातीं असतें खरें, पण त्याच्या उलटण्यानें कथेंतील माणसावर संकट येत नाहीं. तें आधींच छापलेलें असतें. खेळांत मात्र दारापलीकडील काळोख तिष्ठत राहतो. कोणी ओढून नेत नाहीं, कोणी ढकलीत नाहीं; जावयाचें तें आपण होऊन. पुढें जाण्याची इच्छा आणि न जाण्याची इच्छा एकाच अंगठ्यांत येऊन भांडतात. ‘त्याचें आतां काय होणार’ ही नाटकांतील शंका येथें ‘मी आतां काय करणार’ अशी पालटते, आणि या कलेचें सारें सामर्थ्य त्या पालटांत आहे.

स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या संस्थेचा ‘अम्नेशिया: द डार्क डिसेंट’ (२०१०) हा याचा उत्तम दाखला होय. स्थळ प्रशियांतील एक किल्ला, काळ १८३९. नायकाजवळ शस्त्र म्हणून नाहीं. काळोखांत थांबला तर त्याचें चित्त भ्रमूं लागतें. उजेड केला तर शत्रूच्या नजरेस पडतो. शत्रूकडे टक लावून पाहिलें तरीहि चित्त भ्रमतेंच. कंदिलाचें तेल सरत चाललेलें असतें. एके ठिकाणीं पाणी भरलेल्या तळघरांत एक अदृश्य प्राणी वावरतो. त्याचा माग लागतो तो केवळ पाण्यावर उडणाऱ्या शिंतोड्यांवरून. खेळणारा पेटीवरून पेटीवर उड्या घेत जातो, पण कोठें तरी पाण्यांत पाय घालावाच लागतो. तो पाय कोणाचा असें विचारलें तर तर्कशास्त्री म्हणेल, चित्राचा. पण त्याला पाण्यांत घालणारें बोट खेळणाऱ्याचें असतें.

आतां राहिला ताटस्थ्याचा आक्षेप. अभिनवगुप्तानें भयानक रस समजावितांना शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील, रथापुढें मान वळवून वळवून पळणाऱ्या हरिणाचें उदाहरण घेतलें आहे. त्याचें म्हणणें असें कीं, तेथें हें भय या हरिणाचें कीं माझें, येथलें कीं तेथलें, ही मर्यादा गळून पडते आणि केवळ भय उरतें. ‘मी भ्यालों’ ही जाणीव उरली तर तो रस नव्हे. स्नेही याच वचनावर बोट ठेवतात. आमचें उत्तर असें आहे कीं, खेळांतील भिणारा ‘मी’ हा खुर्चीवर बसलेला, उद्यां कचेरींत जावयाचा ‘मी’ नसतो. तो तसा असता तर खोली सोडून पळाला असता, शेजाऱ्यांस हांक मारता. तो तसें कांहीं करीत नाहीं. तो जें करतो तें सर्व त्या कल्पित जगाच्या आंत करतो. म्हणजे त्याचा देश आणि काळ गळून पडलेलाच असतो. शिवाय ‘आयसोलेशन’मधील भीति शिगेला पोंचते ती धांवपळींत नव्हे, तर कपाटांत दडून, श्वास रोखून, फटींतून श्वापदाचे पाय पाहत बसतांना. तेथें हातांना जवळ जवळ कांहींच काम नसतें. खेळानें खेळणाऱ्याला पुन्हां प्रेक्षक केलेलें असतें. फरक इतकाच कीं, हें आसन त्यानें स्वतः निवडलेलें असतें.

तरीहि केवळ घाबरविणें ही कलेची थोडकी कमाई झाली. ॲरिस्टॉटलनें शोकांतिकेंत भीतीबरोबर करुणा सांगितली ती उगीच नव्हे. या कसोटीस ‘सायलेंट हिल २’ (२००१) उतरतो असें आम्हांस वाटतें. मृत पत्नीच्या नांवाचें पत्र हातीं घेऊन जेम्स संडरलंड त्या धुक्याच्या गांवीं येतो, आणि अखेरीस उघड होतें तें हें कीं, आजारानें खंगलेल्या त्या पत्नीचा जीव त्यानेंच घेतला होता. गांवांतील विद्रूप आकृति बाहेरून आलेल्या नसून त्याच्या अपराधी मनानें घडविलेल्या असतात. खेळाचे शेवट अनेक आहेत, आणि कोणता लाभणार हें खेळणाऱ्याच्या सहज वर्तनावरून ठरतें: जखमांची काळजी घेतली कीं तशाच अंगावर वागविल्या, पत्नीचें पत्र आणि छायाचित्र पुन्हां काढून पाहिलें कीं विसरला. न सांगतां घेतलेली ही परीक्षा आहे. इतका वेळ ज्याच्या जिवासाठीं आपण भ्यालों, त्यालाच भिण्याचें कारण होतें, हें कळतें तेव्हां भय आणि करुणा एकत्र येतात.

या जातीचे सर्वच खेळ असे असतात, असा आमचा दावा नाहीं. हातीं दारूगोळा भरपूर दिला कीं भीति संपून शिकार सुरू होते. २०१२ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ६’वर नेमका हाच ठपका आला, आणि २०१७ च्या सातव्या भागांत कर्त्यांना पुन्हां एका घराकडे आणि काळोखाकडे वळावें लागलें. निकृष्ट खेळ पुष्कळ आहेत, जशीं निकृष्ट नाटकें पुष्कळ आहेत. पण नाट्यकलेचा निवाडा आपण निकृष्ट नाटकांवरून करीत नाहीं; तोच न्याय येथें लावावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहून मात्र हा निवाडा करतां येणार नाहीं. खेळणारा भितो आणि मागें उभा असलेला हसतो, याचें कारण दार उघडण्याची जबाबदारी मागच्यावर नसते. स्नेह्यांनीं एखादी संध्याकाळ काढून घरांतील तरुण माणसाकडून तें यंत्र मागून घ्यावें, दिवा मालवावा, आणि त्या तळघराच्या पायऱ्या स्वतःच्या बोटांनीं उतराव्या. नंतर तिन्ही आक्षेप पुन्हां मांडावे. आम्ही ते आदरानें ऐकूं.