सलामीची दोन भाषणं

सिटिझन झालो आणि वर्षभरात ज्यूरी ड्यूटीचं पत्र आलं. आपल्याला ज्यूरी म्हटलं की १९५९ चा नानावटी खटलाच आठवायचा. तेव्हा जरा गृहपाठ करावा म्हणून ओ. जे. सिम्पसन खटल्यातली सुरुवातीची भाषणं रेकॉर्डिंगवर पाहिली. १९९५ साली मी पुण्यात शिकत होतो. तेव्हा फक्त मथळे वाचले होते.

लोक ह्यांना 'ओपनिंग आर्ग्युमेंट्स' म्हणतात, पण ह्या टप्प्यावर युक्तिवाद करायचा नसतो. पुढे कोणता पुरावा येणार, एवढंच सांगायचं. आमच्या धंद्यातलं स्पेसिफिकेशनच म्हणा ना!

२४ जानेवारीला सरकारतर्फे आधी क्रिस्तोफर डार्डन बोलले. हसतमुख खेळाडूचा घरातला चेहरा त्यांनी दाखवला. मग मार्शा क्लार्क यांनी रक्ताचा माग मांडला: खुनाची जागा, ब्रॉन्को गाडी, सिम्पसनचं घर. माझ्यातला इंजिनियर तिथेच निकाल देऊन मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी जॉनी कॉक्रन उठले. रक्त कोणाचं, ह्यापेक्षा ते कोणी आणि कसं गोळा केलं, ह्यावर त्यांनी बोट ठेवलं. मी चपापलो. डेटा कुठून आला हे न विचारता ग्राफवर विश्वास ठेवणाऱ्या ज्युनियरला मीच रागावतो की!

मात्र कॉक्रननीही नियम वाकवले. काही साक्षीदारांची माहिती विरुद्ध पक्षाला आधी दिलीच नव्हती. न्यायाधीश लान्स इटो यांनी त्याबद्दल क्लार्कना पुन्हा थोडा वेळ बोलू दिलं. ज्या शेजारच्या मोलकरणीचा कॉक्रननी एवढा गाजावाजा केला, तिची टेप केलेली साक्ष ज्यूरीला कधी दाखवलीच नाही. वचन हवेत विरलं, शंका मात्र टिकली. ३ ऑक्टोबरला सिम्पसन निर्दोष सुटला. १९९७ साली दिवाणी कोर्टाने त्यालाच मृत्यूंना जबाबदार धरलं.

भाषण म्हणून मी कॉक्रनना जास्त गुण देईन. पण टीव्ही बंद केला तेव्हा दोन्हीकडचे वकील डोळ्यांसमोर होते. निकोलच्या आईचा हॉटेलात राहिलेला चष्मा परत द्यायला गेलेला पंचवीस वर्षांचा रॉन गोल्डमन आठवायला मात्र क्षणभर लागला. हा दोष वकिलांचा नाही, माझा. ज्यूरीच्या खुर्चीत बसायची वेळ आली, तर आधी तोच सुधारायला हवा.