कागदावरचा यमन

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा मी भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातली यमनची चीज पेटीवर वाजवली. गुरू नाही, शिकवणी नाही. पुस्तक आणि चिकाटी. खाली बिंदू तो मंद्र, वर बिंदू तो तार, डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. एक खूण सोडली नाही. भजनीमंडळातले म्हातारे पेटीवाले मागाहून म्हणाले, "गुरुजी, हिशेब अगदी बरोबर आला!" माझ्या कादंबऱ्यांवरही कराडात इतके कडक परीक्षण कोणी केलेले नाही.

घरी येऊन मी पुस्तकावरच रागावलो. गाणे छापले की मेले, असे म्हणणारे बुजुर्ग पुष्कळ होऊन गेले. त्यांच्यात मीही जाऊन बसलो.

पण मग आमच्याच बाजूचे विष्णु दिगंबर पलुसकर आठवले. जन्म १८७२, कुरुंदवाडचा. लहानपणी शोभेच्या दारूने डोळे अधू झाले, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. (मुलांच्या हाती भुईनळा देताना हे मला दर दिवाळीत आठवते.) ज्याला नीट दिसत नव्हते त्यानेच १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि डोळ्यांनी वाचायच्या गाण्याची पुस्तके छापली! त्यांची लिपी मात्रेचा अर्धा, पाव, अष्टमांशही खुणेने सांगते. भातखंड्यांची सुटसुटीत, म्हणून तीच अधिक पसरली. पलुसकरांची मला जास्त काटेकोर वाटते; पेटीपुढे बसलो की हात मात्र भातखंड्यांकडे जातो.

सतारीचे दुखणे निराळे. मसीतखानी गत छापता येते: बाराव्या मात्रेपासून 'दिर दा दिर दा रा' आणि समेवर 'दा दा रा'. पण मिरजेच्या सतारीवर तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत किती रेंगाळायचे? कागदावर दोन स्वरांवर एक कमान, एवढेच.

साहेबाचे संगीत म्हणे सगळे लिहिलेले असते. मोझार्टने १७८८ साली पियानोची एक मोठी रचना पुरी केली; पुढे तिला 'राज्याभिषेका'चे नाव पडले. तिच्यात डाव्या हाताचे स्वर त्याने कितीतरी ठिकाणी लिहिलेच नाहीत. वाजवणारा स्वतःच, लिहायचे कशाला? १७९१ साली तो गेला. १७९४ साली ती छापली गेली, तेव्हा त्या जागा परक्या हाताने भरल्या होत्या. म्हणजे कोऱ्या जागा तिकडेही आहेतच. छापणाऱ्याचा त्यात गुन्हा नाही. ज्याने त्या भरायच्या तो माणूस जवळ नसतो, एवढेच.

मी त्या पेटीवाल्या आजोबांकडे वर्षभर गेलो. पुस्तक मधे उघडे असे. ते त्यात बघत नसत, मी बघे. गंधारावर ते जिथे थांबत, तिथे मी पेन्सिलीने टिंब करी. यमनच्या त्या पानावर आता छापलेल्यापेक्षा पेन्सिलीचेच अधिक आहे.